पोराचा स्वतःवरचा ताबा घरात कसा घडतो: गावातल्या आईवडिलांसाठी पायरीपायरीने

पोरगं बिघडलं की आपण दोष संगतीला देतो, मोबाईलला देतो, नाहीतर नशिबाला. संगत आणि मोबाईल यांचा हात असतोच. पण एकाच वर्गातली, रोज एकाच पानठेल्यासमोरून शाळेत जाणारी दोन पोरं बघा. एक तिथं थांबतं, दुसरं पुढं निघून जातं. हा फरक कुठून येतो आणि त्यातलं आईबापाच्या हातात किती असतं, यावर गेल्या काही दशकांत बराच अभ्यास झाला आहे. तो आपल्या गावच्या घरात कसा वापरायचा ते इथं लिहितो. सकाळी वावरात जाऊन दिवस बुडता घरी येणारे मायबाप डोळ्यांसमोर ठेवून लिहितो, कारण पालकसभेत "मारून मारून थकलो सर, आता तुमीच पाहा" असं म्हणणारे बहुतेक तेच असतात. आणि ते म्हणतात तेव्हा पोरगं नववी-दहावीत पोचलेलं असतं.

मुळाशी काय आहे

मायकेल गॉटफ्रेडसन आणि ट्रॅव्हिस हिर्शी या अमेरिकेतल्या दोन गुन्हेशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक सिद्धांत मांडला. चोरी, मारामारी, दारू, बेफाम गाडी हाकणं, शाळा बुडवणं ही वागणूक दिसायला वेगवेगळी असली तरी बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून निघते: मजा आत्ता पाहिजे, उद्याचं उद्या पाहू. संयम घरात घडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी घराला तीन कामं करावी लागतात. पोराकडे लक्ष ठेवायचं, चुकीचं वागणं चुकीचं म्हणून ओळखायचं, आणि ओळखलं की सुधारायचं. या तिन्हींच्या आधी लागतो तो पोरावरचा जीव. जीव नसेल तर बाकीचं करायला कोणी उभंच राहत नाही.

हे सगळं आठ-दहा वर्षांपर्यंत पक्कं होतं, नंतर फारसं बदलत नाही, असंही ते म्हणाले. पुढच्या अभ्यासांनी ते जसंच्या तसं मान्य केलं नाही. काही लेकरं जन्मापासूनच उतावीळ असतात, हे आता मानलं जातं, आणि दहाव्या वर्षानंतरही घराच्या वागण्याने फरक पडतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा संशोधक लहानपणापासून घेत आले आहेत. लहानपणी ज्यांचा ताबा कमी होता, त्यांची बत्तिसाव्या वर्षी तब्येत आणि पैशाची स्थिती खराब निघाली, गुन्ह्यात शिक्षा झालेलेही त्यांच्यात जास्त. घरची परिस्थिती आणि बुद्धी यांचा हिशेब वेगळा केला तरी हा फरक राहिला. पण मोठं होताना ज्यांचा ताबा सुधारला, त्यांचं पुढे बरं झालं. पोरगं चौदाचं झालं म्हणून हात टेकायचं कारण नाही. कष्ट जास्त पडतील.

पायरी १: पोराचा दिवस हंगामाप्रमाणे मांडा

लक्ष ठेवणं म्हटलं की पोरामागे फिरणं डोळ्यांसमोर येतं. ते आपल्याला शक्य नाही आणि गरजेचंही नाही. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत पोर कुठल्या वेळी कुठल्या मोठ्या माणसाच्या नजरेत आहे, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, एवढंच.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हंगाम लिहा. जून-जुलैत पेरणी, मग निंदण आणि डवरणी. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते, ती थंडी सरेपर्यंत चालते. या वेचणीच्या महिन्यांत माय दिवसभर वावरात असते आणि बाप हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री जातो, कारण लाईन रात्रीची असते. म्हणजे चार ते सात घर रिकामं, आणि रात्रीही एकच माणूस, तेही थकून झोपलेलं. शाळेतले गैरहजेरीचे आणि भांडणांचे प्रकार याच दिवसांत वाढलेले मी पाहतो. कापसाचा चुकाराही याच दिवसांत घरात येतो, नोटा डब्यात पडून असतात.

प्रत्येक हंगामापुढे लिहा: चार ते सात पोर कोणाकडे? आजी, काकू, शेजारची वहिनी, गावात अभ्यासिका असेल तर तिथला मोठा दादा, कबड्डीच्या मैदानावर पोरांना खेळवणारा कोणी. गुरुदेव सेवा मंडळ जागतं असेल तर संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला पोराला नियमाने पाठवा. दिवे लागायच्या वेळेला पोरं तिथं मोठ्यांच्या मधे बसलेली असतात. ज्याच्यावर सोपवलं त्याला स्पष्ट सांगा, "सात वाजेपर्यंत आला नाही तं मले फोन करजा." नुसतं "लक्ष असू द्या" म्हटलं की कोणाचंच लक्ष राहत नाही.

पोराशी तीन गोष्टींचा रिवाज पाडा: कुठं चाललो, कोणासोबत, केव्हा परत येणार. आणि हे आपणही सांगायचं. बाप घरातून निघताना "तालुक्याला चाललो, चारच्या एसटीनं येतो" म्हणून गेला, तर पोराला तो जाच वाटत नाही, घरची रीत वाटते.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्या घरांत पोरीवर दहा नजरा असतात आणि पोरावर एकही नसते. पोरगी अर्धा तास उशिरा आली तर गाव हलतं, पोरगा रात्री अकराला आला तर "पोट्टाच हाय, चालते". मग पानठेल्यावर, पत्त्यांच्या फडात, पोलीस ठाण्यात जास्त करून पोरंच का दिसतात, याचं नवल वाटू नये. पोरीची अर्धी बंधनं सैल करा आणि तेवढं लक्ष पोराकडे वळवा, दोघांचंही भलं होईल.

पायरी २: पोर स्वतःहून सांगेल असं घर ठेवा

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी ही आहे. स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गरेट केर यांनी २००० मध्ये दाखवलं की किशोरवयीन मुलांबद्दल आईबापांना जे माहीत असतं, त्यातलं बहुतेक मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. खोदून विचारून किंवा बंधनं घालून त्यामानाने थोडंच कळतं. म्हणजे ज्याला आपण "लक्ष" म्हणतो त्याचा मोठा भाग पोराच्याच हातात आहे. त्याला सांगावंसं वाटलं तर आपल्याला दिसेल.

सांगावंसं केव्हा वाटतं? समोर उभं करून "का चाललं आहे तुयं?" विचारल्यावर तर नाहीच. बंडीवर शेजारी बसून वावरात जाताना, तुरीच्या शेंगा सोलताना, बैल धुताना पोरं बोलतात. हात कामात असतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तरी पोराला असं एखादं काम आपल्यासोबत करू द्या, आणि तेवढा वेळ आपण उपदेश करायचा नाही.

मग तो पहिली अडचणीची गोष्ट सांगतो. तेव्हा आपलं पहिलं वाक्य काय निघतं त्यावर पुढची पाच वर्षं अवलंबून असतात. समजा सुपारी-तंबाखू घोटून करतात त्या खर्ऱ्याबद्दल पोरगा म्हणाला, "बाबा, आज एकानं मले खर्रा देल्ला." आपण म्हणालो, "तू त्याच्यासंगं गेलाच काऊन?" तर हे त्याचं शेवटचं सांगणं. त्याऐवजी असं बोलून बघा:

"मंग? तू का केलं?"

"थोडासा खाल्ला. मंग थुकलो."

"बरं केलं सांगितलं. आपल्या घरी खर्रा चालत नाही, हे तुले माहीत हाय. उद्या तो पुन्हा देईन तं का म्हणशीन?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला शोधू द्या. "दात दुखते म्हणीन" असं काहीतरी तो म्हणेल. चालेल. मोहाच्या क्षणी काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असलं की पोर टिकतं.

दोन नियम पाळा. स्वतःहून सांगितलेल्या चुकीला लपवलेल्या चुकीपेक्षा नेहमी कमी शिक्षा, आणि हे पोराला आधीच माहीत असावं. दुसरं, त्याने सांगितलेलं पारावर, पाहुण्यांत, मामाच्या फोनवर जाऊ द्यायचं नाही. एकदा गेलं की तो तुम्हाला पुन्हा काही सांगणार नाही.

पायरी ३: लहान असतानाच ओळखा

तण दोन पानांवर असताना डवरा फिरवला तर एका फेरीत निघतं, तसंच वागण्याचं आहे. आपली गल्लत अशी होते की लहान्याच्या खोडीला आपण हसतो आणि मोठ्याच्या केसांवर चिडतो. सहा वर्षांच्या पोराने दुकानातून गोळी उचलली की "लय हुशार हाय" म्हणतो, सोळा वर्षांच्याने केस रंगवले की मारतो. अभ्यास याच्या उलट सांगतो. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये दोन गट वेगळे करून दाखवले. बरीच मुलं किशोरवयात वाह्यातपणा करतात आणि मोठी झाली की थांबतात. थोडी मुलं अशी असतात की त्यांचं मारणं, चोरणं, खोटं बोलणं लहानपणीच सुरू होतं आणि पुढे चालत राहतं. म्हणून दहा वर्षांच्या आतल्या लेकराचं वारंवार चोरणं, लहान मुलांना किंवा मुक्या जनावरांना त्रास देणं, पकडल्यावरही बिनधास्त खोटं बोलणं हे गंभीर माना. पंधराव्या वर्षीचं दार लावून बसणं, रील बनवणं, उलट बोलणं यावर जीव आटवू नका.

मधल्या वयात, दहा ते तेरा, पहिली खूण शाळेतली असते. दप्तर घेऊन निघतं पण शाळेत पोचत नाही. वर्गशिक्षकांचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि महिन्यातून एकदा आपणहून फोन करा. तक्रार येण्याची वाट पाहू नका.

दुसरी खूण खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा विदर्भाच्या खेड्यांत पाचवी-सहावीच्या पोरांच्या खिशातही सापडतो. सुपारी एकटीसुद्धा तोंडाचा कॅन्सर करते, तंबाखूसोबत धोका आणखी वाढतो. पोराला जेवताना तिखट झोंबायला लागलं, गालाची आतली कातडी पांढरट-कडक झाली, उभी तीन बोटं तोंडात जात नसली, तर लगेच दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आजच्या आज एक गोष्ट बंद करा: "जाय, बाबासाठी खर्रा घेऊन ये" म्हणून लेकराला ठेल्यावर पाठवणं. तिथली वाट आपणच त्याला दाखवतो. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने बंदी आहे. लहान मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे ठेलेवाल्याला एकदा चार पालकांनी मिळून शांतपणे सांगा. एकटा बाप गेला तर भांडण होतं, चौघं गेले तर ऐकलं जातं.

पायरी ४: परिणाम लहान, पक्का आणि त्याच दिवशी

माराबद्दल आधी. मारल्याने पोर त्या क्षणाला थांबतं, म्हणून मार लागू पडला असं वाटतं. पण जास्त मार खाणारी मुलं पुढे जास्त आक्रमक होतात आणि चूक लपवायला शिकतात, असंच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मारामुळे दुसऱ्या पायरीचं सगळं काम वाया जातं.

मोठ्या शिक्षेपेक्षा न चुकणारी लहान शिक्षा जास्त काम करते. घरात तीनच नियम करा, जास्त नको. उदाहरणार्थ: दिवे लागल्यावर घरात, रात्री आठनंतर मोबाईल आईकडे, दुसऱ्याची वस्तू न विचारता घ्यायची नाही. प्रत्येक नियमापुढे मोडल्यावर काय होईल ते पोरासमोर ठरवा. उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी खेळायला जायचं नाही. मोबाईल दिला नाही तर दुसऱ्या दिवशी मोबाईल नाही. वस्तू उचलली तर आपल्यासोबत जाऊन स्वतःच्या हाताने परत करायची आणि किंमत कामातून फेडायची. चोरीच्या बाबतीत हे परत करणं टाळू नका. लाज वाटते म्हणून आई गुपचूप पैसे देऊन येते आणि पोराच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं.

हे कुठं मोडतं? वेचणीहून आल्यावर. माय थकलेली असते, चूल पेटवायची असते, पोरगं मोबाईलसाठी गळा काढतं. माय दोनदा नाही म्हणते, तिसऱ्यांदा ओरडते, चौथ्यांदा देऊन टाकते. गेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी घराघरांत बसून नेमकं हेच पाहिलं. चढ्या आवाजाने हवं ते मिळतं हे पोर शिकतं, दिलं की शांतता होते हे आई शिकते. रोज हे होत गेलं की दोघांचाही आवाज वाढतच जातो. त्यामुळे ज्या "नाही"वर आपण टिकू शकणार नाही, ते म्हणूच नका. थकलेल्या दिवशी सरळ "अर्धा तास घे" म्हणा आणि अर्ध्या तासाने परत घ्या. ते हार मानणं होत नाही.

आजी-आजोबांशी आधी बोलून घ्या, पोरासमोर नको. बापाने बंद केलेला मोबाईल आजीने पदराखालून दिला तर नियम संपला. आजीला नियम करण्यात सामील केलं की त्या तो आपला मानतात. "आई, तुमीच सांगा किती वाजता बंद करायचा" असं विचारून पाहा.

शिक्षा झाली की विषय संपला. जेवताना पुन्हा काढायचा नाही. आणि दिवसातून एकदा तरी पोराचं काहीतरी चांगलं नाव घेऊन सांगा: "आज गाईले पाणी न सांगता पाजलं, पाह्यलं मी."

काही गोष्टी कधीच करायच्या नाहीत. जेवण तोडायचं नाही, रात्री घराबाहेर काढायचं नाही, चारचौघांत इज्जत घ्यायची नाही. आणि आपल्या भागात हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: फवारणीचं औषध घरात खाटेखाली, कोनाड्यात ठेवू नका. त्याला कुलूप लावा, किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका. रागाचा किंवा अपमानाचा झटका काही मिनिटांचा असतो आणि त्या मिनिटांत डबा हाताशी असला तर परत फिरायला वाव मिळत नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत तर हे आधी करा.

पायरी ५: दिलेला शब्द पाळता येईल असाच द्या

थांबायला शिकलेलं पोर म्हणजे थांबल्यावर खरंच मिळालेलं पोर. अमेरिकेत रॉचेस्टर इथं २०१३ मध्ये लहान मुलांवर एक प्रयोग झाला. आत्ता एक गोड खा, की थांबून दोन घे? ज्या मुलांना त्याआधी मोठ्या माणसाने कबूल केलेली वस्तू आणून दिली होती, ती सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीनच मिनिटं. ही तीन मिनिटंवाली मुलं ढिली नव्हती. समोरच्या माणसावर भरवसा नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आपल्या घरात शब्द मोडतो तो बहुतेक वेळा पावसामुळे. "कापूस विकला की सायकल घेऊ." मग बोंडअळी येते, भाव पडतो, सावकार दारात उभा राहतो, सायकल राहते. बापाचा काही दोष नसतो, पण पोर शिकतं की थांबण्यात अर्थ नाही. म्हणून पिकावर टांगलेला शब्द देऊ नका. आपल्या हातात असलेला लहान शब्द द्या: "रविवारी बाजारातून तुयासाठी चेंडू आणीन", "पाच दिवस शाळा बुडवली नाही तं शनिवारी नदीवर जाऊ." आणि काहीही झालं तरी तो पाळा. मोठी गोष्ट घ्यायची असेल तर पोरासोबत डबा ठेवा, दर आठवड्याला दहा-वीस रुपये टाका. साठताना त्याला दिसलं पाहिजे. नड आली आणि डबा फोडावा लागला तर पोराला आधी सांगा, हिशेब लिहा आणि परत भरा.

पायरी ६: मोठ्यांच्या सवयी

इथं थोडक्यात लिहितो, कारण सगळ्यांना माहीत आहे. बाप पिऊन आला तर त्या रात्री कुठलाही नियम लावायचा नाही, शिक्षा द्यायची नाही. ते सकाळी, शुद्धीवर. खर्रा सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर मदत मिळते. सोडताना पोराला सांगून सोडा. बाप स्वतःशी कसा झगडतो हे त्याने जवळून पाहिलं तर त्याला कळतं की ताबा ठेवणं मोठ्यांनाही जड जातं, तरी जमतं.

पायरी ७: पंधरा ते अठरा

या वयात बंधनं हळूहळू सोडायची, पण तीन दारांवर उभं राहायचं. पहिलं गाडीचं. अठराच्या आतल्या पोराने मोटरसायकल चालवली आणि गुन्हा झाला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. किल्ली खुंटीवर टांगू नका.

दुसरं पैशाचं. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, तरी क्रिकेटवरचा सट्टा गावात हातोहात चालतोच. यूपीआयचा पिन पोराला देऊ नका. बँकेचा व्यवहार त्याच्याकडून करून घ्यायचा असेल तर शेजारी बसून करा.

तिसरं पोळ्याच्या पत्त्यांचं. पोळ्याला जुगार खेळायचाच, अशी समजूत आपल्याकडे आहे आणि पोरं पहिला डाव तिथंच पाहतात. त्या दिवशी पोराच्या हाती बैलांची सजावट, झूल, तोरणापाशी न्यायची जबाबदारी द्या. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात लहानग्यांच्या लाकडी बैलांची व्यवस्था मोठ्या पोरांवर सोपवा. काम असलं की पोरगं फडाकडे फिरकत नाही.

हाताबाहेर गेल्यासारखं वाटलं तर

घरातले पैसे पुन्हा पुन्हा जात असतील, पोर रात्री घरी येत नसेल, मायवर हात उचलत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर एकट्याने झुंजत बसू नका. गावची आशाताई प्राथमिक आरोग्य केंद्रात किशोरवयीनांचं समुपदेशन कुठं मिळतं ते सांगते. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतून बोलतात. मूल संकटात असेल तर १०९८. देवऋषाकडे जायचं असेल तर ते तुमचं तुम्ही ठरवा, पण हे फोन त्याआधी करा.

आणि पोलिसांचा फोन आलाच, तर धावपळीत तीन गोष्टी विसरू नका. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. त्या मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. वकील करायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो मागून घ्या. वय सिद्ध करायला शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. त्याच्या दोन झेरॉक्स सोबत न्या. मंडळासमोर आईबाप दोघांनीही जा, आणि तिथं पोरावर ओरडू नका, त्याच्या शेजारी बसा.